'नीट विचार' म्हणायला बंदी

"...म्हणजे मग सरळ इंजिनियरच घ्यायचे ना, ताई?"

अभिनंदननं परत तेच विचारलं.

हेमाताई चिंच फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मीही चिंचच फोडत होतो. शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडं जातो आणि बाहेरच्या सोप्यात बसून त्या जे हातात देतील ते निवडतो. कधी लसूण, कधी शेंगा. एप्रिल सरत आला की चिंच. बायको म्हणते, घरात कधी कोथिंबिरीला हात लावला नाहीत. मी म्हणतो, घरात हेमाताई आहेत का?

थांबा, आधी ओळख करून देतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, हा म्हातारा सुरू कुठं झाला नि चालला कुठं.

हेमाताई गुळवणी म्हणजे आमच्या गुरू. कशातल्या? हसणार नसाल तर सांगतो. लोक गूगलवर काहीतरी शोधतात ना? 'चांगला दातांचा डॉक्टर', 'कराडजवळ राहायची सोय' वगैरे. तेव्हा आपल्या गिऱ्हाइकाचं नाव वर दिसावं, मागच्या पानावर कुजत पडू नये, यासाठी खटपट करायची. सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन म्हणतात त्याला. कराडात हा शब्द धड कुणाला म्हणता येत नव्हता, तेव्हा या बाईंनी ते काम सुरू केलं. वय पन्नाशीच्या पुढं. त्याआधीची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, चौकशीच्या टेबलावर. कानाला हेडफोन लावायचा आणि विचारेल त्याला नंबर शोधून द्यायचा.

आणि अभिनंदन चौगुले म्हणजे आमचा अभ्या. आमच्यात सगळ्यात धाकटा. आता पुण्यात बाणेरला त्याची कंपनी आहे, काचेच्या भिंतींची. त्या दिवशी पायात पांढरेशुभ्र बूट होते. ते त्यानं पायरीवर काढले, एवढं बरं. मांडी घालायला मात्र गडी कुरकुरत होता.

"ताई, उत्तर मला माहितीय," तो म्हणाला. "फक्त एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"माहितीय तर मग एवढ्या उन्हाचा इथं कशाला आलास?"

"आशीर्वादाला."

"तो आहेच. चिंच घे."

त्यांनी मूठभर चिंचा त्याच्यापुढं सरकवल्या. त्यानं एक उचलली, नखानं टोकरली, चिकट झालेली बोटं बघितली आणि रुमाल शोधू लागला.

मी आपलं तोंड खाली घालून हसून घेतलं.

"नवी टीम उभी करायचीय," अभिनंदन सांगू लागला. "अर्ज ढिगानं आलेत. एक पत्रकार आहे. एक वकील आहे, वकिलीला कंटाळलेला. औषधं विकणारा एक जण. शाळेतली एक बाई आहे, भूगोल शिकवायची म्हणे. मी सगळे बाजूला काढले. ज्याला वेबसाइटचं पोट उघडून आतलं बघता येतं, तोच घ्यायचा. बाकी लिहिणंबिहिणं काय, कुणीही करतं."

"कुणीही?" मी म्हणालो. कारण ताईंच्या कामात लिहिणंबिहिणं माझ्याकडं होतं.

"तुमचं वेगळं होतं, बापूकाका."

"वेगळं कसलं? मीही कुणीहीच होतो."

"बापू," हेमाताई म्हणाल्या, "त्याला बोलू द्या."

मी पुढची चिंच उचलली. समोरच्या घरात कुणीतरी कुकर लावला होता, त्याची शिट्टी तेवढी झाली.

"काय झालंय?" हेमाताईंनी विचारलं.

"कुठं काय?"

"अभिनंदन..."

तो रुमालानं बोटं पुसत राहिला.

"एक चूक झाली," तो म्हणाला.

चूक अशी होती. धरणाच्या काठावर मोहिते म्हणून एकाचं मोठं रिसॉर्ट आहे. अभिनंदनचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. निम्मी कंपनी त्या एका माणसाच्या जिवावर चालते म्हणा ना. त्याची वेबसाइट अभिनंदनच्या लोकांनी नवीन केली. आता नवीन साइट तयार होत असते, तेव्हा तिच्यात एक सूचना लिहून ठेवतात. गूगलला सांगायचं, बाबा, इथं अजून काम चाललंय, आत्ता इकडं बघू नकोस. काम संपलं की ती सूचना काढायची. सोपं आहे.

ती काढायची राहिली.

साइट उघडली, पेढे वाटले, फोटो काढले. आणि गूगलनं मोहित्यांचं रिसॉर्ट यादीतून हळूहळू काढून टाकलं. ऐन सुट्टीच्या तोंडावर! अख्खा महाराष्ट्र 'सुट्टीत कुठं जायचं' म्हणून शोधतोय आणि यांचं नावच नाही. लक्षात आलं तोवर खोल्या ओस पडलेल्या.

"कप्पाळ!" मी म्हणालो.

"आता सुरळीत होईल सगळं," अभिनंदन घाईघाईनं म्हणाला. "सूचना काढलीय. पण मोहिते पेटलाय. म्हणतो, हे ज्याच्यामुळं झालं त्याला घरी बसवा आणि मला नाव कळवा. मगच पुढचं काम देतो. आज संध्याकाळपर्यंत."

"मग?"

"मग काय. नाव ठरलंय."

"कुणाचं?"

"रुबीना मुजावर. आपल्या कराडचीच आहे, ताई. आधी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर असायची. मीच घेतली होती तिला, गावची म्हणून. साइट उघडायच्या आधी शेवटची नजर टाकायचं काम तिच्याकडं होतं."

"तिला सांगितलंस?"

"उद्या फोन करणार आहे."

"फोन का? पुण्यात तुझ्यासमोरच बसते ना?"

अभिनंदन जरा अडखळला. "आज ती माझ्याच गाडीतून आली. सुट्टीला. तिला घरी सोडलं आणि इकडं आलो."

"एवढा रस्ता एकत्र आलात..."

"गाडीत कसं सांगणार, ताई? ती आपली आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं बोलत होती. उतरताना म्हणाली, सर, चहा घेऊन जा. मी म्हटलं, घाई आहे."

मला राग आला, खोटं कशाला बोलू? पोरगी तिकडं घरी जाऊन आईला सांगत असणार, आमचे सर किती चांगले, दारापर्यंत सोडलं मला. आणि हा इथं बसून रुमालानं बोटं पुसतोय.

हेमाताईंना राग आला की नाही ते कळायला मार्ग नव्हता. त्यांचा आवाज कधी चढत नाही. चौकशीच्या टेबलावर लोकांच्या शिव्या खाऊन तो आवाज तसाच बसला, असं त्याच सांगतात.

"तिच्या नजरेतून सुटलं का ते?" त्यांनी विचारलं.

"नाही... म्हणजे सुटलं असं नाही."

"मग?"

"तिला दिसलं होतं. मीटिंगमध्ये तिनं काहीतरी विचारलंही. पण काय विचारतेय ते तिला धड सांगता येईना हो! पाटी काय, दार काय. कामाचा शब्द माहिती नाही, आणि बोलते मध्येच. सगळे इंजिनियर बसलेले. म्हणून मी म्हटलं..."

"काय म्हटलंस?"

"म्हटलं, आधी नीट विचारायला शीक."

हेमाताईंचे हात थांबले.

माझेही थांबले.

आता हे तुम्हाला कळायचं नाही. त्यासाठी तुम्ही आमच्या त्या खोलीत असायला हवं होतं.

स्टेशनरीच्या दुकानावरची खोली. लाकडी जिना, त्याची एक पायरी हलायची. दोन कॉम्प्युटर आणि माणसं पाच. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं, चिरकत, कण्हत. ते लागलं की फिलोमिना सिस्टर टाळ्या वाजवायची. अहो, एका पानाला उघडायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात सिस्टरचं आणि सुतारांचं एक भांडण सुरू होऊन मिटायचं. मला त्या खोलीची फार आठवण येते. आज कितीही वेगानं पान उघडू दे, ती मजा नाही.

माणसं कसली? फिलोमिना सिस्टर निवृत्त नर्स. डॉक्टरच्या वेबसाइटवर 'उदरविकार' असं दिसलं की ती खवळायची. "कोणता पेशंट असं बोलतो? पेशंट म्हणतो, पोटात कळ येतेय. तसं लिव!" सुतार म्हणजे रेडिओ दुरुस्त करणारे. साइटच्या आतलं सगळं ते बघायचे. कॉम्प्युटर अडला की पहिल्यांदा त्याला कान लावायचे, सवयीनं. आणि मी वर्तमानपत्रात छोट्या जाहिराती घ्यायचो. माणूस काऊंटरवर येऊन आपली अर्धी कर्मकहाणी सांगायचा, त्यातून मी तीन ओळी काढायचो. 'दोन खोल्या, नळाला पाणी, स्टँडजवळ.' हेमाताईंनी माझ्या त्या तीन ओळी वाचून मला बोलावून घेतलं होतं.

आणि दर सोमवारी सकाळी, कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी, आमची 'चौकशी' व्हायची.

एकानं भिंतीकडं तोंड करून बसायचं. तो फोन करणारा. त्या आठवड्यात जे गिऱ्हाईक असेल, त्याच्याकडची वस्तू त्यानं मागायची. पण नाव घेऊन नाही. घरातली म्हातारी मागेल तशी, शेतावरचा गडी मागेल तशी, घाबरलेला माणूस मागेल तशी. बाकीच्यांनी त्याला काय हवंय ते ओळखायचं. भिंतीकडं तोंड का? तर फोनवर चेहरा दिसत नाही. गूगलवरही दिसत नाही.

नियम एकच. 'नीट विचार' असं म्हणायचं नाही.

सक्त बंदी. जो म्हणेल त्यानं तो दिवसभर बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. सुतारांचे निम्मे सोमवार मुके गेलेत. तापट माणूस! एकदा सिस्टरनं 'ते पाणी वर चढवायचं घरघर करणारं' मागितलं आणि सुतार ओरडले, "पंप म्हण की बये, नीट विचार की!" झालं. संध्याकाळपर्यंत हातवारे करत बसले.

हेमाताई म्हणायच्या, नीट विचारता आलं असतं, तर त्यानं आपल्याला विचारलं असतं का?

गेली ती माणसं. सिस्टर गेली, सुतारही गेले. खोलीच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

तर असा तो शब्द. आणि तो आमच्या अभ्याच्या तोंडून आला होता. बरं, त्यालाही ते कळलं. बोलून झाल्यावर त्याचा चेहरा असा झाला, दाताखाली खडा आल्यासारखा.

पण माणूस हट्टी. तो म्हणाला, "ताई, ते वेगळं होतं. ते गिऱ्हाइकांसाठी होतं. ऑफिसातल्या माणसाला शब्द माहिती असायला नकोत का?"

हेमाताईंनी भलतंच विचारलं.

"तुला मी का घेतलं होतं रे?"

"गणित चांगलं होतं म्हणून."

मला राहवलं नाही. "गणित! अभ्या, दुसऱ्या वर्षाला कशात गचकला होतास? कॉलेज सोडून मामाच्या सीडीच्या दुकानात बसायचास, विसरलास काय?"

"बापूकाका, तुम्ही प्लीज..."

"मी होतो ना तिथं! ताईंच्या बरोबर मीच आलो होतो. ताईंनी तुझ्याकडं काय मागितलं? 'तो सिनेमा दे बाळा, ज्यात ती बाई जिन्यात रडत बसते आणि मग तिचा नवरा काहीच बोलत नाही.' एवढंच. दुकानात चार पोरं उभी होती, ती फिदीफिदी हसली. तू हसला नाहीस. तू विचारलंस, 'नवरा बोलत नाही, पण शेजारी येऊन बसतो का?' ताई म्हणाल्या, बसतो. तू मागच्या फळीवरून बरोबर तीच सीडी काढलीस. दुकानातून बाहेर पडताना ताई मला म्हणाल्या, बापू, हा पोरगा उद्यापासून आपल्याकडं."

अभिनंदननं रुमालाची घडी घातली.

मला वाटलं, आता उठतो आणि जातो. आता त्याला खाली बसवणारं असतं तरी कोण? पण तो बसून राहिला.

थोड्या वेळानं हेमाताई म्हणाल्या, "भिंतीकडं तोंड कर."

"काय?"

"फिर. भिंतीकडं तोंड कर."

"ताई, मी आता काय..."

"फिर, अभिनंदन."

तो फिरला. चाळिशीला आलेला माणूस, बाणेरला काचेचं ऑफिस, आणि हेमाताईंच्या सोप्यात भिंतीकडं तोंड करून बसला. समोर भिंतीवर कॅलेंडर आणि पंचा अडकवायचा खिळा. मागून त्याचे केस विरळ झालेले दिसत होते. मला एकदम वाईट वाटलं. हाच का तो, सोमवारी सगळ्यात आधी येऊन भिंतीची जागा पकडणारा? 'मी विचारणार, मी विचारणार' म्हणून भांडायचा.

"ती काय म्हणाली होती?" हेमाताईंनी विचारलं. "तिच्याच शब्दांत विचार. तुझे नकोत."

तो घुटमळला.

"ती म्हणाली... 'सर, एक विचारू?'"

"पुढं."

"'सर, आपण आता दार उघडतोय. पण बाहेर पाटी तशीच दिसतेय, आत येऊ नका म्हणून. ती कुणी काढणार आहे का?'"

"बापू," हेमाताई म्हणाल्या, "काय विचारतेय ती?"

"अहो, काय विचारतेय म्हणजे?" मी म्हणालो. "ती सूचना काढायची राहिलीय म्हणते. गूगलला आत येऊ नको म्हटलंय, ते पुसा म्हणते. याच्याहून आणखी काय सांगायचं तिनं?"

"शब्द माहिती नसताना तुम्हाला कळलं?"

"कळायला काय झालं, ताई? केसपेपरच्या खिडकीवरची पोरगी आहे. दवाखाना बंद असल्याची पाटी काढायची राहिली की पेशंट परत जातात, हे तिनं बघितलेलं असणार. तिच्याइतकं कुणाला..."

हेमाताईंनी हात वर केला. मी थांबलो.

अभिनंदनची पाठ हलत नव्हती.

तो भिंतीशीच बोलला. "सगळे हसले, ताई."

"हं."

"पाटी म्हणाली म्हणून हसले. कुणीतरी म्हणालं, पाटी कुठल्या पेंटरनं रंगवली?"

"पहिलं कोण हसलं?"

...

ते उत्तर यायला एवढा वेळ लागला की मी चिंचेतला एक चिंचोका काढला आणि हातातच धरून बसलो.

"मी," अभिनंदन म्हणाला.

आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

त्याच्या खिशात नव्हता, आमच्या मधोमध, चिंचेच्या परातीशेजारी पडला होता. नाव दिसत होतं. मोहिते. संध्याकाळपर्यंत म्हणाला होता, पण अशा माणसांची संध्याकाळ आपली दुपारी होते.

अभिनंदन वळला. फोनकडं बघितलं, हेमाताईंकडं बघितलं. त्या चिंच फोडायला लागल्या होत्या. म्हणजे त्यांच्या बाजूनं बोलणं संपलं होतं. मी मात्र हिशेब करू लागलो. निम्मी कंपनी! त्याच्याकडंही पोटाला चिमटा काढून घरभाडं भरणारी माणसं असणारच की. सगळेच काही काचेचे नसतात.

त्यानं फोन घेतला. बोटं चिकट होती, त्यामुळं नीट घेता येईना. भलतीकडंच बोट लागलं आणि मोहित्यांचा आवाज सगळ्या सोप्यात घुमला.

"काय चौगुले! नाव सांगा नाव. सापडला का आमचा शत्रू?"

"सापडला, साहेब."

"कोण?"

"मी."

"अं?"

"माझ्या एका सहकाऱ्यानं साइट उघडायच्या आधी ही चूक दाखवली होती. मी ऐकलं नाही. मी तिला हसलो. बाकीचे माझ्यामागून हसले. तिची चूक नाही. तिला मी काढणार नाही."

पलीकडं मोहिते हसले, पण ते काही बरं हसणं नव्हतं.

"म्हणजे मालकच चुकला म्हणताय."

"होय, साहेब."

"मग मालक कसा काढायचा, चौगुले? मालक काढायचा एकच मार्ग असतो माझ्याकडं. काम दुसरीकडं देतो. सोमवारी कागद पाठवतो."

"साहेब, माझं एवढं..."

फोन बंद झाला होता.

मी हेमाताईंकडं बघितलं. मला वाटलं, आता तरी काहीतरी बोलतील. शाबास म्हणतील, पाठीवर हात ठेवतील. एखादा धीराचा शब्द! त्यांनी परात थोडी पुढं ओढून घेतली.

अभिनंदन हसला आणि त्यानं डोळे पुसले. चिंचेच्या हातानंच पुसले, त्यामुळं डोळे चुरचुरले आणि आणखी पाणी आलं. मी आतून तांब्या आणला. त्यानं तोंडावर पाणी मारलं. ओल्या तोंडानं तो एकदम आमचा जुना अभ्या दिसला, आणि मी उगाच तांब्या पुसत बसलो. म्हातारपणी हे असं होतं.

"गेलं काम," तो म्हणाला.

"गेलं," हेमाताई म्हणाल्या.

"आता नवी माणसं घेणंच कठीण. घेतलीच तर एखाददुसरा." तो थांबला. "इंजिनियर घेऊ नको म्हणता ना?"

"असं कधी म्हटलं? घे की. सुतार काय वेगळे होते? त्यांच्याशिवाय आपलं एक पान उघडलं नसतं."

"मग भूगोलाच्या बाईंना घेऊ? पत्रकार घेऊ?"

"त्यांनाही घे."

"ताई, सगळ्यांना घे म्हणता. काहीतरी एक सांगा ना! कुठून आलेला माणूस या कामाला बरा?"

"आपल्याकडं सिस्टर आणि सुतार रोज भांडायचे," हेमाताई म्हणाल्या. "आठवतं?"

"आठवतं. कान किटायचे."

"ज्या दिवशी भांडले नाहीत, त्या दिवशी मला काळजी वाटायची. मी दोघांनाही विचारायची, काय लपवताय?"

तो हळूच म्हणाला, "माझ्या ऑफिसात कुणी भांडत नाही."

"किती दिवसांपासून?"

तो आठवायला गेला असावा. मीही आठवायला गेलो, कारण मागं एकदा त्याच्या त्या ऑफिसात गेलो होतो. गार हवा, गुळगुळीत जमीन, सगळी पोरं कानाला यंत्रं लावून बसलेली. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मला त्या वेळी वाटलं होतं, वा, काय शिस्त आहे! घरी येऊन बायकोला कौतुकानं सांगितलंही होतं. आता ती शिस्त वाटेना.

अभिनंदन उठला. पाय आखडले होते, भिंतीला धरून उठला. हेमाताईंना वाकून नमस्कार केला. मलाही केला, तो चुकवत नाही. मग फोन उचलला.

"तिला फोन करतो."

"फोन नको," हेमाताई म्हणाल्या. "घर माहितीय ना?"

"माहितीय. मघाशी सोडलं की."

"मग जा."

तो पायरीवर बसून बूट घालू लागला. पांढऱ्या बुटाला चिंचेचा डाग लागला. त्यानं तो बघितला आणि तसाच राहू दिला. नाडी बांधून उभा राहिला, फाटकापर्यंत गेला आणि परत आला.

ऊन उतरत होतं. तो उंबऱ्याबाहेर उभा, आम्ही दोघं आत.

"ताई..."

"काय रे?"

"जाऊन तिच्यासमोर उभा राहीन. पण तिला सांगू काय?"

हेमाताईंनी या वेळी मान वर केली. त्याच्याकडं नीट बघितलं.

"सांगू नकोस काही," त्या म्हणाल्या. "तिला विचार, तुम्ही हसलात त्यानंतर तिला आणखी काय काय दिसलंय."